आत्या, आपली ‘घ’ जिंकली

प्रिय आत्या,

जिंकले!

लांबण लावलेली तुला कधी आवडली नाही, म्हणून आधी हे सांगून टाकते. पन्नास मीटर, पोटावर झोपून, साठ गोळ्या. सहाशेपैकी पाचशे चौऱ्याण्णव. राष्ट्रीय स्पर्धेचं सुवर्णपदक, आत्या! दुसरी आलेली मुलगी माझ्या मागे तीन गुणांनी.

परवा ओव्याला परत आले, तर नाक्यापासून आपल्या दारापर्यंत बँजो पार्टी लावलेली. आणि पुढे कोण नाचत होतं सांगू? बाबा! सख्ख्या पुतण्याच्या हळदीला ज्यांचा हात धरून ओढलं तरी खुर्ची सुटली नव्हती, ते तुझे भाऊ डोक्यावर टॉवेल फिरवत नाचत होते. आईने दारातच माझी दृष्ट काढली, रायफलीचीही काढली.

केबलच्या चॅनेलची एक बातमीदार आली होती. माईक पुढे करून म्हणाली, “ताई, या यशाचं रहस्य काय?”

मी म्हटलं, “गोळी.”

ती हसली. “नाही, म्हणजे मेहनत, घरच्यांचे आशीर्वाद, असं काहीतरी सांगा ना.”

मग मी मेहनत सांगितली, आशीर्वाद सांगितले. ती खूश होऊन गेली. पण ‘कुठली गोळी?’ असं एकानेही विचारलं नाही. सरपंचांनी नाही, कॉलेजच्या प्राचार्यांनी नाही, खारघरहून आलेल्या माझ्या ऑफिसातल्या मुलींनी तर नाहीच. तो प्रश्न विचारणारं एकच माणूस होतं, आणि त्या माणसाला जाऊन पाच महिने झाले.

म्हणून हे पत्र. ‘चांगलं झालं’ एवढ्या उत्तरावर तू मला कधी सोडलं होतंस का? तुला सगळं हवं असायचं, पहिल्या गोळीपासून. तर ऐक.

पण त्याआधी मला एक जुनी गोष्ट बोलायची आहे. आपण दोघींनी ती कधीच काढली नाही.

मी अकरावीला पनवेलच्या कॉलेजात आले, तेव्हा तू तिथल्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये मदतनीस होतीस. निळा कोट घालून ब्युरेटी धुवायचीस, बाटल्यांवर लेबलं चिकटवायचीस, काचेच्या पेटीतला तराजू पुसायचीस. आणि मी मैत्रिणींना सांगितलंच नाही की ती बाई माझी आत्या आहे. तुला ते पहिल्याच आठवड्यात कळलं असणार. कारण घरी दिवसातून पन्नास वेळा ‘बाय’ म्हणून हाक मारणारी तू, लॅबमध्ये मला रोल नंबरने बोलवायचीस! “चव्वेचाळीस नंबर, इकडे या.” अगदी शुद्ध, पुस्तकातल्यासारखं. किती लागलं असेल गं तुला? आणि तू मात्र घरी आल्यावर माझ्या ताटात पहिली भाकरी वाढायचीस.

छात्रसेनेच्या शिबिरात मी पहिल्यांदा रायफल हातात धरली आणि पहिल्याच दिवशी पाचही गोळ्या एका रुपयाएवढ्या जागेत घातल्या, तेव्हा घरात कुणाला काही कळलं नाही. आई म्हणाली, “कान फुटायचे.” बाबा म्हणाले, “बरं.” तू विचारलंस, “श्वास कवा सोडलास?”

मी चाट पडले. तुला कसं कळलं?

“आमच्या तराजूला समोरून श्वास लागला तरी काटा हलतो,” तू म्हणालीस. “बंदूक काय येगली असल?”

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर तू मला त्या तराजूसमोर उभं केलंस. काचेचं दार उघडलंस आणि म्हणालीस, काटा हलू न देता उभी राहा. एक मिनिट. मग दोन. त्या दिवशी पहिल्यांदा मी दारातून जाणाऱ्या मैत्रिणीला हाक मारून सांगितलं, “ही माझी आत्या!” तू तराजू पुसत राहिलीस, जणू ऐकलंच नाही. पण घरी जाताना सिक्स सीटरमध्ये मधेच हसत होतीस, ते मी पाहिलं होतं.

रायफलही तुझ्यामुळेच आली. त्या वर्षी गावात ज्याच्या त्याच्या दारात मोठी गाडी उभी राहत होती. बाबांनीही रंग ठरवला होता, पांढरा. एका निवृत्त नेमबाजाची जर्मन रायफल विकायला आहे असं नेमबाजी शिकवणाऱ्या सरांनी सांगितलं, तेव्हा बाबा म्हणाले, पुढल्या वर्षी बघू. तू भांडी घासता घासता म्हणालीस, “भाऊ, गारी सगल्यांच्या दारात हाय. बंदूक कोनाच्या दारात हाय?”

बाबांना ते इतकं पटलं की लायसन्ससाठी पोलीस ठाण्याच्या फेऱ्यासुद्धा त्यांनी मिरवत मारल्या!

आता गोळीचं.

माझी रायफल पॉइंट टू टू. तिची गोळी कारखान्यातून तयार होऊन येते, तिच्यात घरी काही बदल करता येत नाही. करता येते ती फक्त निवड. आणि पन्नास मीटरवर दहा गुणांचा ठिपका शर्टाच्या बटणाएवढा. गोळी केसभर इकडेतिकडे गेली की नऊ. हे मी तुला सांगितलं, आणि वर हेही सांगितलं की रेंजवर सगळे चांगले नेमबाज लाल डबीतली परदेशी गोळी वापरतात, म्हणून मीही तीच घेणार.

“का म्हनून?”

“अगं, सगळ्यात भारी तीच असते. सगळे तीच घेतात.”

“सगल्यांची बंदूक तुझी हाय का?”

मी चिडले. तू काही चिडली नाहीस. तू पुढच्या शनिवारी कोन गावातल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी स्टँड करून घेऊन आलीस, रायफल घट्ट पकडून ठेवणारा. माणसाचा हातच मधे नको म्हणून! रिक्षातून तो स्टँड उतरवताना सर बघतच राहिले. डोंगराच्या पायथ्याची आमची रेंज, तिथे कधी कुणी साडी नेसून, छत्री आणि व्हर्नियर कॅलिपर घेऊन आलं नव्हतं.

“बाई, हे काय आणलंय?”

“प्रयोग करायचा हाय, सर.”

तीन प्रकारच्या डब्या तू आदल्या दिवशीच कागदात गुंडाळून ठेवल्या होत्यास. वर फक्त अक्षरं. क, ख, ग. आत काय आहे हे मला माहीत नव्हतं आणि सरांनाही. मी वैतागले. “मला सांगितलंस तर काय बिघडेल?”

“तुना सांगितला का तू लाल डबीच्या वक्ताला ट्रिगर जपून दाबशील. मानसाचा मन लबाड असतं बाय.”

प्रत्येक डबीच्या दहा गोळ्या एका कागदावर, असे पाच कागद. तू एकेक कागद मांडीवर घेऊन सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजलंस. उन्हात, घाम पुसत, दोन तास. मग कागद सोडवले. लाल डबी तिसरी आली. तिन्हींत शेवटची!

सर म्हणाले, असं होतं कधी कधी. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, आणि एकाच कंपनीच्या दोन वेळच्या मालातही फरक असतो, म्हणून तर डबीवर लॉट नंबर छापतात. पण मोठ्या स्पर्धेला नाव असलेली गोळी न्यावी. मला तेच ऐकायचं होतं.

आणि मग मी ते बोलले. आठवतं ना तुला? मला तर अजून शब्दन्‌शब्द आठवतो. मी म्हटलं, “आत्या, तू आयुष्यभर नळ्या धुतल्यास. रायफलीतलं तुला काय कळतं?”

तू व्हर्नियर त्याच्या डबीत ठेवलास. झाकण लावलंस. म्हणालीस, “नल्या धुते म्हनूनच समाजतं. आतमदी एक थेंब रायला, का पुढचा सगला उत्तर खोटा येतो.”

एवढंच. घरी येईपर्यंत तू बोलली नाहीस आणि माझी माफी मागायची हिंमत झाली नाही. आज मागते. सुवर्णपदक गळ्यात घालून मागते, चालेल ना? तेव्हा मागायला हवी होती गं.

त्या वर्षीची राष्ट्रीय स्पर्धा मी लाल डबी घेऊन खेळले आणि एकविसावी आले. दिल्लीची थंडी, माझ्या गोळ्या एकामागून एक खाली पडत होत्या. आठ. नऊ. पुन्हा आठ. परत आले, तेव्हा आई म्हणाली, पुढच्या वेळी होईल. बाबा म्हणाले, तिकडची माणसं आपल्याला जिंकू देत नाहीत. तू माझी बॅग उतरवून घेतलीस आणि विचारलंस, “गोल्या कुटं जात व्हत्या? डावीकडं, उजवीकडं, का खाली?”

“खाली.”

“सगल्या?”

“जवळजवळ.”

तुझा चेहरा उजळला! मी हरून आले होते आणि तू चक्क खूश झालीस! मला इतका राग आला. मग तू मला समोर बसवलंस. “म्हंजे तुझा हात बरोबर व्हता. हात चुकला असता तर चारी बाजूला गेल्या असत्या. चूक कुटल्या बाजूला हाय ते आदी बगायचा, मग ती कोनाची हाय ते बोलायचा.”

दुसऱ्या सोमवारी तू सामंत मॅडमना विचारून आलीस. केमिस्ट्रीच्या मॅडम, तुला ‘अहो नर्मदाबाई’ म्हणणाऱ्या. त्यांनी सांगितलं की थंडीत गोळीतली दारू जरा मंद पेटते आणि गोळीवरचा मेणाचा थर कडक होतो, म्हणून गोळीचा वेग कमी होऊ शकतो. कुठल्या गोळीचा किती, ते करून बघावं लागेल. ‘करून बघावं लागेल’ हे तुला कुणी सांगायची खोटी!

पण पनवेलमध्ये दिल्लीची थंडी आणायची कुठून?

ती तू मासळी बाजारातून आणलीस. करंजा गावच्या कोळीणमावशीकडून बर्फाने भरलेला थर्माकोलचा खोका. तिने विचारलं, “नमे, पापलेट नको, नुसता बर्फ? काय ठेवतेस यात?”

“बंदुकीच्या गोल्या.”

मावशी पाटावरून उठून उभी राहिली. “कोनाला मारतेस गं बाय?”

“कागदाला,” तू म्हणालीस. ती बाजारभर सांगत सुटली, ओव्याची नर्मदा कागदाला मारायला बर्फ घेऊन जाते!

पण तो प्रयोग बघायला तू रेंजवर आलीच नाहीस. त्या शनिवारी सकाळी म्हणालीस, बाय, आज तू आणि भाऊच जा, मला जरा कॉलेजात काम आहे. शनिवारी कसलं काम? मला का नाही संशय आला? पोटात चार महिने दुखत होतं, आत्या. चार महिने! दुसऱ्यांच्या नळीतला एक थेंब तुला चालत नव्हता आणि स्वतःच्या पोटातलं दुखणं मात्र तू ‘गॅस असंल’ म्हणून सोडून दिलंस. डॉक्टर म्हणाले, आधी आला असतात तर. यासाठी मी तुझ्यावर अजून रागावलेली आहे. आज आनंदाचा दिवस आहे, तरी रागावलेली आहे. तू हे वाचत असशील तर खाली मान घाल जरा.

ते कागद मी तुला पनवेलच्या हॉस्पिटलात आणून दाखवले. यावेळी पाच डब्या होत्या, क पासून ङ पर्यंत. नवे लॉट, गुंडाळून ठेवलेले तुझ्याच हातचे. प्रत्येकीच्या गोळ्या आधी साध्या हवेत, मग बर्फात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून, काढल्या काढल्या झाडलेल्या. बाबांनी वेळ लावली होती आणि मी झाडल्या होत्या. तुझ्या हाताला सलाईन होती म्हणून नर्सने व्हर्नियर काढून घेतला, तर तू दुसऱ्या हाताने मागून घेतलास!

मी म्हटलं, “आत्या, ख. बघ ना, साध्या हवेत पाचही कागदांवर ख सगळ्यात घट्ट. एका बोटाखाली दहाच्या दहा झाकतात.”

तू बर्फाचे कागद वर घेतलेस. ख ची भोकं उभी ओघळली होती. घ चा घोळका मात्र गोलच होता. साध्या हवेत ख पेक्षा जरासा मोठा, पण बर्फातही तेवढाच.

“स्पर्धा कुटं हाय?”

“दिल्लीला.”

“कवा?”

“डिसेंबरात.”

“मंग पनवेलची गोली कशाला नेतेस?”

बाबा खिडकीजवळ उभे होते, ते एकदम टाळी वाजवून हसले. तू म्हणालीस, आता काढ कागद. मी घ चा कागद सोडवला. आत करडी पुठ्ठ्याची साधी डबी. रेंजवर नवशिक्यांना सरावाला देतात ना, ती! मी तुझ्याकडे बघितलं, तू माझ्याकडे बघितलंस, आणि आपण दोघी अशा हसलो की शेजारच्या कॉटवरच्या आजीने विचारलं, काय गं, घरी सोडलं का तुला?

नाही सोडलं. आषाढात तू गेलीस.

त्या दिवसांचं मी इथे लिहीत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, रिपोर्टमदी रडगानं नको.

मी सरांना लॉट नंबर देऊन तेवढीच गोळी मागवली. सर म्हणाले, “सुवर्णा, ही? राष्ट्रीय स्पर्धेला?” मी कागद पुढे ठेवले. त्यांनी ते चाळले. “एक काम कर,” म्हणाले, “ख सुद्धा बरोबर घे.” घेतली. घाबरले होते ना मी.

आणि आत्या, दिल्लीला काय झालं माहितीये? स्पर्धेच्या आदल्या दुपारी सराव होता, तर लख्ख ऊन! माणसं स्वेटर काढून बसलेली. घ चांगली जात होती, पण दोन गोळ्या नऊवर गेल्या. मग ख लावली. दहाच्या दहा गोळ्या दहात. सर मागे उभे होते. म्हणाले, “बघ. आत्याबाईंबद्दल मला आदर आहे. पण समोर दिसतंय ते दिसतंय. उद्या ख लाव.”

माझी पाळी सकाळची, अगदी पहिली होती. मी दोन्ही डब्या घेऊन सगळ्यांच्या आधी रेंजवर गेले. धुकं इतकं की निशाणाच्या पाट्या दिसत नव्हत्या. झाडायची जागा सिमेंटची होती, तिच्यावर तळहात टेकला तर हात बधिर झाला. तिथे उभी असताना मला तुझा आवाज वगैरे काही ऐकू आला नाही, खोटं कशाला सांगू? मला कागद दिसले. ख ची उभी ओघळलेली भोकं दिसली. कालचं ऊन होतं, आजचं धुकं आहे. एवढं साधं होतं ते! आणि ते मला माझं मला दिसलं, याचा मला पदकापेक्षा जास्त आनंद झाला.

सर आले. मी ख ची डबी त्यांच्या हातात दिली.

“सर, ही पनवेलला वापरू.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी डबी खिशात टाकली. चांगला माणूस आहे गं.

पाळीच्या वेळी पाट्या दिसण्यापुरतं धुकं विरळ झालं, थंडी मात्र तशीच. पहिल्या दहा गोळ्या, नव्व्याण्णव. माझ्या डावीकडे पंजाबची मुलगी होती, मागच्या वर्षीची विजेती, लाल डबीवाली. ती सारखी रायफलीचा नेम वरखाली करणारा स्क्रू फिरवत होती. झाड, फिरव. झाड, फिरव. मला तिच्याकडे न बघताही कळत होतं की तिच्या गोळ्या कुठे चालल्या आहेत. मागच्या वर्षी मी तिथेच होते ना! दुसऱ्या दहा, शंभर. शंभर, आत्या! धुक्यात! श्वासाची वाफ काचेवर चढत होती, पट्टा दंडात रुतला होता आणि ती करड्या डबीतली गोळी प्रत्येक वेळी बटणात जात होती.

तिसऱ्या दहांत घोळ झाला. एक नऊ. दुसरी नऊ. पहिला विचार काय आला असेल? सरांचं ऐकायला हवं होतं. डबी बदलावी का? मी रायफल खाली ठेवली. आणि मग स्क्रीनवर नीट बघितलं. दोन्ही भोकं डावीकडे. खाली नव्हती, डावीकडे होती! मग गोळीचा दोष कसा असेल? मान वर केली तर शेवटच्या पाटीशेजारचं वाऱ्याचं फडकं हलत होतं. धुकं विरायला लागलं होतं आणि उजवीकडून वारा सुटला होता. फडकं खाली पडेपर्यंत थांबले. एक मिनिट, दीड मिनिट. बाजूच्या सगळ्या झाडत होत्या, मी नुसती पडून. मग दहा. दहा. दहा. ती फेरी अठ्ठ्याण्णव झाली.

पुढच्या तिन्ही फेऱ्या नव्व्याण्णव, नव्व्याण्णव, नव्व्याण्णव.

साठावी गोळी झाडली, रायफल रिकामी करून दाखवली, उठले. मागे वळून फलक बघितला तर माझं नाव सगळ्यात वर, आणि त्याच्यापुढे महाराष्ट्र. आणि मी काय केलं असेल? हात वर करून जोरात ओरडले, “घ!”

पंच धावत आले, ओरडू नका म्हणून. ती पंजाबची मुलगी हसत सुटली. “घ? ये क्या होता है?” मी तिला म्हटलं, “मेरी बुआ.” तिला काय कळलं कोण जाणे, पण तिने मला घट्ट मिठी मारली. ती दुसरी आली होती. म्हणाली, “तेरी गोली गिरी ही नहीं यार! कौन सी है?”

बघ, दिल्लीत एकीने विचारलं! मी करडी डबी दाखवली. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि तिचा विश्वासच बसेना. मी तिला सांगितलं की हीच घेऊ नकोस, आधी तुझ्या रायफलीला विचार. स्टँड कसा करायचा त्याचं चित्रसुद्धा काढून दिलं. तुला चाललं असतं ना? चाललंच असतं. कुणी काही विचारलं की तू सगळं सांगून मोकळी व्हायचीस.

काल सर घरी आले होते. तुझे सगळे कागद मागून घेतले, ओटीवर बसून एकेक पाहिला. पावणेदोन तास. बाबांनी तीनदा चहा दिला. उठताना सर म्हणाले, “वीस वर्षं शिकवतोय. पण स्वतः न बघता पुढच्याला सांगत होतो.” मग तुझ्या फोटोकडे वळून नमस्कार केला, वाकून. बाबा लगबगीने आत गेले, टॉवेलने तोंड पुसत बाहेर आले आणि म्हणाले, “सर, जेवून जा. आज खाडीच्या निवट्यांचा कालवन हाय.”

सामंत मॅडमनी लॅबमध्ये पेढे वाटले. नव्या मुलींना सांगत होत्या, या लॅबमधल्या बाईंनी सुवर्णपदक काढलं. मी दुरुस्त केलं नाही. बरोबरच आहे ते.

आता शेवटची बातमी, आणि ही घरात अजून कुणालाच सांगितलेली नाही. मला तीनशे मीटरच्या सरावासाठी बोलावलंय! तीनशे, आत्या! रायफल वेगळी, मोठी. गोळी बोटाएवढी, आणि तीही एका जातीची नाही, दोन-तीन जातींची. एकीचा धक्का जास्त, पण वाऱ्याला दाद देत नाही म्हणतात. दुसरी हलकी, खांद्याला सोसणारी, पण तिची नळी लवकर झिजते म्हणतात. संघटनेतले एक मोठे नेमबाज परवा फोनवर म्हणाले, “पहिली घ्या, सगळे तीच घेतात.”

मी म्हटलं, “का म्हणून?”

ते चपापले. मग म्हणाले, “का म्हणजे... घेतात.”

तर आत्या, तुला वचन देते. त्या गोळ्यांच्या डब्या आई कागदात गुंडाळेल आणि अक्षरं घालेल, मी बघणार नाही. उन्हात झाडीन, बर्फात झाडीन, वाऱ्यात झाडीन. प्रत्येक भोक मी स्वतः मोजीन. उत्तर माझ्या मनासारखं आलं नाही तरी तेच उत्तर मानीन, समोर कितीही मोठा माणूस उभा असला तरी. आणि माझ्याकडून कुणाला लागेल असं बोललं गेलं, तर त्याच दिवशी माफी मागीन. वर्षभर थांबणार नाही.

तीनशे मीटरवरचं माझं पहिलं दहा तुला कळवीनच. किती वाजता, कुठल्या गोळीने, वारा कुठून होता, सगळं.

तुझी भाची,
सुवर्णा
ओवे, पनवेल